खजिनदाराला कशाला हवं मत?

टेक्सस राज्याच्या तिजोरीच्या किल्ल्या १९४१ ते १९७७ अशी तब्बल छत्तीस वर्षं जेसी जेम्सकडे होत्या. बँका आणि आगगाड्या लुटणारा तो जेसी जेम्स नव्हे; तो १८८२ सालीच गोळी लागून मेला. हा दुसरा, राज्याचा रीतसर निवडून आलेला खजिनदार. निवडणूक आली की मतपत्रिकेवर याचं नाव यायचं आणि टेक्ससचे मतदार इमानेइतबारे त्याच्यापुढे खूण करायचे. तो पदावर असतानाच वारला. त्याच्या जागी जो आला त्याचं नाव वॉरन जी. हार्डिंग! ज्या राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीत तेलाच्या जमिनींचा घोटाळा गाजला, थेट त्याचं नाव. हाही तो नव्हे, पण १९८२ साली याच्यावरही पदाच्या गैरवापराचा आरोप ठेवला गेला, त्याने निवडणुकीतून अंग काढून घेतलं, आणि त्या जागी अ‍ॅन रिचर्ड्स नावाची खमकी बाई निवडून आली. पुढे ती गव्हर्नर झाली.

खरी गंमत नंतरची आहे. १९९४ मध्ये त्याच पदासाठी मार्था व्हाइटहेड उभी राहिली. तिचा प्रचार एका वाक्याचा होता: मला निवडून द्या, मी हे पदच बंद करते. त्या वर्षी देशभर तिच्या डेमोक्रॅटिक पक्षाची वाताहत झाली, टेक्ससमध्ये खुद्द अ‍ॅन रिचर्ड्स गव्हर्नरपदाची निवडणूक हरली, पण ही बाई जिंकली. १९९५ च्या नोव्हेंबरात मतदारांनी राज्यघटनेतून खजिनदार काढून टाकला आणि १९९६ मध्ये कचेरीला कुलूप लागलं. कामं राज्याचे हिशेब ठेवणाऱ्या कंट्रोलरकडे गेली. कंट्रोलरही निवडूनच येतो, हा भाग वेगळा.

हे सगळं मी शोधून वाचलं, कारण माझ्या मतपत्रिकेवर एक सोडून दोन खजिनदार असतात. मी राहते दक्षिण कॅलिफोर्नियात, ऑरेंज काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), अर्व्हाइनला. दर चार वर्षांनी राज्याचा खजिनदार निवडायचा आणि काउंटीचाही. काउंटीच्या खजिनदाराचं पूर्ण पद 'ट्रेझरर-टॅक्स कलेक्टर', कारण घरपट्टीही तोच गोळा करतो. वर्षात दोन हप्ते, पहिला १० डिसेंबरच्या आत, दुसरा १० एप्रिलच्या आत. चुकला की दंड. अमेरिकेत थोडीथोडकी नाही, तीसच्या वर राज्यं आपला खजिनदार थेट मतदानाने निवडतात. न्यू जर्सीत गव्हर्नर नेमतो. मेरीलँडमध्ये विधिमंडळ निवडतं. न्यूयॉर्कने हे पद शंभरएक वर्षांपूर्वीच मोडीत काढलं.

मतपत्रिका टपालाने घरी येते आणि आमच्याकडे ती जेवणाच्या टेबलावर आठवडाभर पडून असते. वरची नावं भराभर होतात. गव्हर्नर, काँग्रेस, सिनेट, त्यांच्याबद्दल मत असतंच, नसलं तरी वाद असतोच. खाली सरकत गेलं की घरात शांतता पसरते. कॅलिफोर्नियात उमेदवाराच्या नावाखाली त्याचा व्यवसाय छापतात, आणि तो तीन शब्दांत बसवावा लागतो. राज्याच्या माहितीपुस्तिकेत निवेदन छापायचं असेल तर उमेदवाराला शब्दामागे २५ डॉलर पडतात आणि मर्यादा २५० शब्दांची. म्हणजे अब्जावधी डॉलर कुणाच्या हाती द्यायचे, हे मी तीन शब्द आणि फार तर पानभर मजकूर यांवर ठरवायचं. नवरा सरळ म्हणतो, “त्यातल्या त्यात सीपीए कोण आहे बघ.” सीपीए म्हणजे आपल्याकडचा सीए. मी बघते. दोघंही सीपीए निघाले की संपलं.

मागे एकदा मामा आले होते तेव्हा अशीच मतपत्रिका टेबलावर होती. मामांची सगळी नोकरी कोषागारात गेली. सुरुवात साताऱ्याला, मग बदल्या, मग पुन्हा सातारा. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती मतपत्रिका एखादं बिल तपासावं तशी वरपासून खालपर्यंत वाचली आणि मध्येच थांबले.

“हे काय गं? खजिनदाराला मतं?”

“हो मामा. इथे निवडून देतात.”

“आणि तो आश्वासन काय देतो? तिजोरी रोज नीट बंद करीन म्हणून?”

मी हसले, पण ते हसत नव्हते. ट्रेझरीत काम म्हणजे काय, हे त्यांनी मला त्या दुपारी समजावून सांगितलं. स्ट्राँग रूमला डबल लॉक. दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. दोघं हजर असल्याशिवाय मुद्रांकाचा एक कागद बाहेर येत नाही. एकाच्या घरी मयत झालं तरी दुसऱ्याला एकट्याने दार उघडता येत नाही, लेखी कार्यभार दिल्याशिवाय. आणि त्याहून मोठं काम म्हणजे बिलं परत करणं. मार्च एन्डला प्रत्येक खात्याला रक्कम संपवायची घाई, व्हरांड्यात शिपाई फायली घेऊन उभे, आत फोनवर फोन. तरतूद नाही, मंजुरीचा आदेश जोडलेला नाही, सही नमुन्याशी जुळत नाही. आक्षेप लिहायचा आणि बिल परत.

“मोठमोठ्या साहेबांचे फोन यायचे. मी म्हणायचो, साहेब, तरतूद नाही. फार तर काय होईल? गडचिरोलीला बदली. मतं थोडीच पडणार होती माझी!”

मामांच्या सेवेचं गुणगान मला करायचं नाही. ट्रेझरीत टेबलाखालून काय चालतं हे महाराष्ट्रात पेन्शन काढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि बदलीच्या धाकाने होकार देणारेही त्याच खात्यात होते. पण त्यांच्या बोलण्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. तिजोरी सांभाळणाऱ्याच्या कामात 'नाही' म्हणण्याचा वाटा फार मोठा. आणि निवडून यायचं तर 'नाही' म्हणून कसं चालेल?

याचं उत्तर शोधायला मला लांब जावं लागलं नाही. आमच्या काउंटीतच ते घडून गेलंय.

रॉबर्ट सिट्रन हा इथला खजिनदार, १९७० च्या दशकापासून सतत निवडून येणारा. काउंटी कट्टर रिपब्लिकन आणि हा एकटा डेमोक्रॅट, तरी लोक याला डोक्यावर घ्यायचे. कारण तो सगळ्यांना 'हो' म्हणायचा, आणि 'हो' म्हणायला त्याच्याकडे पैसे असायचे. हे पैसे कुठून येत, ते थोडं नीट सांगायला हवं.

१९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सार्वमत घेऊन घरपट्टीला वेसण घातली. दर एक टक्क्याच्या वर नाही, आणि घराची किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढलेली धरायची नाही. घरमालक खूश (आज त्यात मीही आले). पण शाळा, रस्ते, पोलीस, पाणीपुरवठा यांचा खर्च काही थांबत नाही. मग व्याजावर डोळा गेला. काउंटी, तिच्यातली शहरं, शाळा, पाण्याची मंडळं अशा पावणेदोनशेच्या वर सार्वजनिक संस्थांचे पैसे सिट्रनच्या एका सामाईक निधीत असत, साधारण साडेसात अब्ज डॉलर. राज्याच्या निधीपेक्षा तो बरंच जास्त व्याज मिळवून देई. काही शाळामंडळांनी तर कर्ज काढून पैसे त्याच्याकडे ठेवले! कर न वाढवता पैसा मिळतोय म्हटल्यावर कोण कशाला विचारतंय.

करायचा काय तो? हातातले रोखे वॉल स्ट्रीटच्या कंपन्यांकडे गहाण ठेवायचे, त्यावर रोकड उचलायची, तिचे आणखी रोखे घ्यायचे, तेही गहाण. साडेसात अब्जांच्या जिवावर वीस अब्जांचा डोलारा. त्यात एक भाग असा, की बाजारातले व्याजदर उतरले की याची कमाई वाढणार आणि चढले की घटणार. म्हणजे सगळी मदार एका पैजेवर, दर खालीच राहतील. आणि बरीच वर्षं ते राहिलेही.

१९९४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने दर वाढवायला सुरुवात केली. तीन टक्क्यांवरून नोव्हेंबरपर्यंत साडेपाच. मधल्या जूनमध्ये काउंटीची निवडणूक होती. कित्येक वर्षांत पहिल्यांदा सिट्रनसमोर खराखुरा विरोधक उभा राहिला, जॉन मूरलाक नावाचा सीपीए. त्याने नुसतं 'बदल हवा' म्हटलं नाही. त्याने हिशेब मांडला. उसने पैसे घेऊन गुंतवणूक चालली आहे, दर चढताहेत, निधी आत्ताच मोठ्या तोट्यात आहे, असं त्याने काउंटीचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या सुपरवायझरांना लेखी कळवलं, वर्तमानपत्रांना सांगितलं, मतदारांना सांगितलं.

इथे मला माझ्या देशाचा, म्हणजे दोन्ही देशांचा, फार अभिमान आणि फार राग एकाच वेळी येतो. बघा ना, पद निवडणुकीचं नसतं तर मूरलाक कोण होता? कोस्टा मेसातला एक हिशेबनीस. त्याचं पत्र कुठल्या तरी फायलीत जाऊन पडलं असतं. उमेदवार होता म्हणून त्याला आकडे मागता आले, छापून आणता आले, भर सभेत विचारता आले. निवडणुकीने त्याला उभं राहायला जागा दिली. आणि त्याच निवडणुकीने त्याचं म्हणणं पोकळ करून टाकलं, कारण सिट्रनला आणि त्याच्या बाजूच्यांना एवढंच म्हणायचं होतं, की निवडणुकीचे दिवस आहेत, विरोधक असंच बोलायचा. तेवढं पुरलं. सिट्रन सहज निवडून आला.

६ डिसेंबर १९९४ रोजी ऑरेंज काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली. तोटा १.६ अब्ज डॉलरच्या वर. त्या काळापर्यंतची अमेरिकेतल्या स्थानिक सरकारची ही सर्वांत मोठी दिवाळखोरी, आणि तीही देशातल्या श्रीमंत काउंट्यांमध्ये गणल्या जाणाऱ्या काउंटीची. सिट्रनने एक पैसा खिशात घातला नव्हता. चौकशीत तो म्हणाला, आपल्याला या गुंतवणुकीतलं फारसं कळत नव्हतं, दलालांच्या सल्ल्यावर चाललो. शिवाय असंही निघालं, की व्याजदराचा अंदाज घ्यायला तो एका ज्योतिषाचा सल्ला घ्यायचा. हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडच्या सगळ्या मंडळींची, मुहूर्त काढून अर्ज भरणाऱ्यांची, एकदम माया आली. त्याने गुन्हे कबूल केले, शिक्षा झाली, दंड झाला. त्याला रोखे विकणाऱ्या मेरिल लिंच या वॉल स्ट्रीटच्या कंपनीने पुढे ४० कोटी डॉलर देऊन काउंटीशी तडजोड केली.

भोक बुजवायला विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवायचा प्रस्ताव १९९५ च्या जूनमध्ये मतदारांपुढे आला. मतदारांनी तो फेटाळला. वर्षापूर्वी ज्यांनी सिट्रनला निवडून दिलं त्यांनीच. माणूस आमचा नव्हे, तोटाही आमचा नव्हे. आणि रिकाम्या खुर्चीवर सुपरवायझरांनी कोणाला बसवलं? मूरलाकला. मतदारांनी नाकारलेला माणूस नेमणुकीच्या कागदावर आला.

या गोष्टीतली मला सर्वांत जास्त खुपणारी माणसं म्हणजे पाच सुपरवायझर. त्यांच्या काउंटीचे पैसे, त्यांच्या खुर्च्या, पण वर्षानुवर्षं कोणी सिट्रनला बसवून विचारलं नाही, की बाबा रे, एवढं व्याज येतं कुठून. विचारतील कशाला? तो त्यांनी नेमलेला नव्हता. लोकांनी निवडलेला होता. तो मतदारांना जबाबदार, म्हणजे प्रत्यक्षात चार वर्षांतून एकदा, तीन शब्दांच्या व्यवसायावरून खूण करणाऱ्या माझ्यासारख्यांना जबाबदार. नेमलेला असता तर त्याच्या कर्माचं खापर नेमणाऱ्यावर फुटलं असतं, आणि त्या धास्तीने तरी कोणी वही उघडून बघितली असती. निवडणुकीने एकाच्या अंगावर कवच चढतं आणि बाकीच्या सगळ्यांचे हात झटकले जातात.

याचा पुरावा पुन्हा आमच्याकडेच मिळाला. मूरलाकनंतर निवडून आलेल्या खजिनदाराविरुद्ध, त्याने पूर्वी सांभाळलेल्या एका दिवाळखोर खासगी कंपनीच्या प्रकरणात न्यायालयाचा निकाल गेला. काउंटीच्या पैशाशी त्याचा संबंध नव्हता, पण विश्वास उडाला. सुपरवायझरांना त्याला काढता येईना, कारण निवडून आलेला. मग २०१० मध्ये त्यांनी काय केलं? गुंतवणूक करण्याचे अधिकार काढून घेतले. पद राहिलं, पाटी राहिली, पगार राहिला. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांना फारच आवडलं. “म्हणजे किल्ली जमा करून घेतली!” म्हणाले. “आमच्याकडे सस्पेंड करतात. हे जास्त चांगलं.”

माणूस मोठा असेल तर निवडणुकीचं हे पद मोठंही होतं, हे मात्र मान्य करायला हवं. कॅलिफोर्नियाच्या राज्य खजिनदाराची जागा एके काळी निजानीज झाल्यासारखी होती. १९७५ मध्ये तिथे जेसी अनरू आला, विधानसभेचा माजी सभापती, रोनाल्ड रेगनकडून गव्हर्नरपदाची निवडणूक हरलेला. पैसा म्हणजे राजकारणाला पाजलेलं आईचं दूध, हे प्रसिद्ध वाक्य त्याचंच. त्याने ओळखलं, की राज्याचे कर्जरोखे कोणामार्फत विकायचे आणि पेन्शनचे पैसे कुठे गुंतवायचे हे जिथे ठरतं, तिथे वॉल स्ट्रीट स्वतःच्या पायांनी चालत येतं. आलंच. पेन्शन फंडांनी कंपन्यांच्या संचालकांना जाब विचारावा, ही चळवळ उभी करण्यात त्याचा मोठा हात होता. आणि त्याच्या निवडणूक निधीत रोख्यांच्या दलालांच्या देणग्याही भरभरून येत. दोन्ही खरं. अशा देणग्यांचा इतका बोभाटा झाला, की १९९४ मध्ये देशपातळीवर नियम करावा लागला: ठरावीक छोट्या रकमेच्या वर देणगी दिलीत, तर दोन वर्षं त्या सरकारचे रोखे विकायचं काम बंद. मला हा नियम वाचून हसू आलं. आधी पद निवडणुकीचं करायचं, निवडणुकीला पैसा लागणारच, तो पैसा ज्यांना त्या पदाशी काम आहे त्यांच्याकडूनच येणार, आणि मग तो येऊ नये म्हणून कायदा.

मामांचा पुढचा प्रश्न साहजिक होता. “बरं, पण तपासणीस कोण? ऑडिट कोणाचं?”

ऑरेंज काउंटीत हिशेब बघणारा ऑडिटर-कंट्रोलरही निवडूनच येतो, आणि १९९४ मध्येही तसाच होता. वेळेवर घंटा त्यानेही वाजवली नाही. साउथ कॅरोलिनात याची पुढची पायरी गाठली गेली. तिथे खजिनदारही निवडणुकीतून आणि हिशेब ठेवणारा कंट्रोलर जनरलही. २०२३ मध्ये कंट्रोलरला राजीनामा द्यावा लागला, कारण साडेतीन अब्ज डॉलरची रक्कम वर्षानुवर्षं हिशेबात चुकीने धरली जात होती. पाठोपाठ खजिन्याच्या खात्यात १.८ अब्ज डॉलर असे दिसू लागले, की ते कोणाचे, कशाचे, हे कोणालाच सांगता येईना. खजिनदार म्हणे चूक हिशेबवाल्यांची, ते म्हणत खजिनदाराची. शेवटी बाहेरच्या तज्ज्ञांनी सांगितलं, की त्यातला बहुतेक पैसा मुळात नव्हताच, नुसत्या वहीतल्या नोंदी. दोन किल्ल्या होत्या, पण दोघांनाही आपापला स्वतंत्र मतदार होता, आणि दोघांनी एकत्र येऊन दार उघडावं असं कोणी सांगू शकत नव्हतं.

आपल्याकडची रचना या बाबतीत मला जास्त शहाणी वाटते, हे म्हणताना मी जरा इकडेतिकडे बघते, कारण माहेरचं कौतुक करायची सवय जात नाही. पैसा कशावर खर्चायचा हे निवडून आलेल्यांनी ठरवायचं, सभागृहात, सगळ्यांसमोर, अर्थसंकल्प मांडून. पैसा बाहेर काढायचा तो नेमलेल्या माणसाने, तरतूद बघून. आणि तपासायचं ते महालेखापरीक्षकाने, ज्याला राष्ट्रपती नेमतात आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढायला जी यातायात लागते तितकीच याला काढायला लागते. प्रत्यक्षात काय होतं? अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, दुसऱ्या दिवशी पेपरात दोन रकाने, मग शांत. इथे निदान एक मूरलाक निवडणुकीला उभा राहून घसा कोरडा करू शकतो. आपल्याकडे तसा माणूस माहितीच्या अधिकाराचे अर्ज करत फिरतो.

म्हणून मला विचाराल तर माझं मत मेरीलँडच्या बाजूने पडेल. तिथे खजिनदार विधिमंडळ निवडतं. तो गव्हर्नरच्या मर्जीतला असेलच असं नाही, आणि त्याला देणग्या गोळा करत राज्यभर फिरावंही लागत नाही. गव्हर्नर, थेट निवडून आलेला कंट्रोलर आणि हा खजिनदार, असे तिघं एका मंडळावर बसतात आणि राज्याची मोठी कंत्राटं तिथे उघड बैठकीत मंजूर होतात. तिघांत दोघांचं जमलं पाहिजे. गव्हर्नर एकटा असेल तर गव्हर्नरचंही चालत नाही. तिथे विचारलेला प्रश्न निवडणुकीच्या हंगामातला म्हणून उडवून लावता येत नाही, कारण बैठका वर्षभर चालतात.

कॅलिफोर्नियात असं काही होण्याची चिन्हं नाहीत. मतदारांकडून एखादं मत काढून घेणं इथे फार अवघड. टेक्ससला जमलं, कारण खुद्द खजिनदारच 'मला काढा' म्हणाली. तोवर मी माझ्यापुरती एक पद्धत ठरवली आहे. दोन उमेदवारांपैकी कोणी एकाने जरी प्रत्यक्ष आकडा घेऊन प्रश्न विचारला असेल, निधी कशात आहे, किती मुदतीचा, उसने किती, तर मी त्याची खातरजमा करायला तासभर देते. काउंटीचा खजिना दर महिन्याला गुंतवणुकीचा अहवाल प्रसिद्ध करतो. तो वाचायला अवघड नाही, फक्त कंटाळवाणा आहे. प्रश्न खरा निघाला तर मत विचारणाऱ्याला. दोघांनीही नुसतं 'पारदर्शकता' आणि 'करदात्यांचं हित' लिहिलं असेल, तर ती जागा मी रिकामी सोडते. नवऱ्याला हे पटत नाही. त्याच्या मते रिकामं सोडणं म्हणजे पळपुटेपणा. तो अजून सीपीए कोण तेच बघतो.